शाबितीचा भार कोणावर?

समाराधनेच्या पंगतीत पान मांडून बसलेल्या माणसास वाढप्याने, ‘तू भुकेला आहेस हे आधी सिद्ध कर’ असे म्हटल्याचे कोणी कधी ऐकले नसेल. पंगतीचे दोष पुष्कळ सांगता येतील. कोणी आत बसावे आणि कोणी बाहेर ताटकळावे याविषयी आपल्या देवालयांनी शतकानुशतके जो भेद पाळला तो काही भूषणावह नव्हता. ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्दच आपल्या भाषेत त्या भेदाची साक्ष देत उभा आहे. तथापि एकदा पान मांडले म्हणजे त्यावर अन्न पडलेच पाहिजे, आणि न पडल्यास दोष वाढणाऱ्याचा, बसणाऱ्याचा नव्हे, एवढा नियम तरी निर्विवाद होता. आज राज्यकारभारात हा नियम उलटा होऊ लागला आहे, आणि तो यंत्राच्या हातून उलटा होत असल्यामुळे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही, असे आम्हांस वाटते.

गरीब देशांच्या उत्कर्षास संगणक, दूरध्वनी आणि त्यांवर चालणारा नवा व्यापार यांनी हातभार लावावा, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. तसा तो लागतोही. या विषयावर परिषदा भरतात, ठराव होतात, आणि त्या ठरावांत ‘सर्वसमावेशक’ हा शब्द हमखास असतो. आम्ही धंद्याने वकील. आम्हांस या मोठ्या शब्दाच्या पोटातला एक लहानसा प्रश्न विचारावयाचा आहे: यंत्र चुकले म्हणजे ती चूक कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

आधी यंत्राच्या पदरात त्याचे श्रेय टाकू. आम्ही राहतो त्या नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात, किंवा शंकर मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईपाशी, आज क्यूआरचा एक चौकोनी कागद चिकटविलेला असतो आणि शेजारी एक छोटी पेटी. गिऱ्हाइकाने पैसे पाठविले की ती पेटी रक्कम मोठ्याने पुकारते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपले पैसे पोचले की नाही हे कानाने कळते. ही सोय साधीसुधी नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेतून २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून आकार घेण्यास मनाई आहे. सावकाराच्या आणि सुट्या पैशांच्या कटकटीत आयुष्य गेलेल्या माणसास याचे मोल विचारावे. आफ्रिकेतील केनिया देशाने तर २००७ सालीच ‘एम-पेसा’ या नावाने साध्या, बटणांच्या हातफोनवरून पैसे पाठविण्याची व्यवस्था उभी केली. गरिबाच्या हाती जे साधन आधीपासून आहे तेथून आरंभ करावा, हे शहाणपण त्या व्यवस्थेत होते.

रस्ता आपला असला तरी त्यावर धावणाऱ्या गाड्या कोणाच्या, हा प्रश्न मात्र उरतोच. यूपीआयचे बहुतांश व्यवहार दोनच ॲपांतून होतात. त्यांपैकी एक गूगलचे आणि दुसऱ्याची मोठी मालकी वॉलमार्टकडे. एका ॲपाने ३० टक्क्यांहून अधिक वाटा घेऊ नये असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये झाला, परंतु त्याच्या अंमलाची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. जागतिक व्यापार संघटनेतही असाच एक झगडा चालत आला आहे. छापील ग्रंथ किंवा चित्रपटाची रिळे बंदरात उतरली तर त्यांवर जकात घेता येई. तोच ऐवज तारेतून किंवा आकाशातून आला तर जकात घ्यावयाची नाही, असा तह राष्ट्रांनी १९९८ साली केला. तो तात्पुरता म्हणून केला होता, परंतु पुनःपुन्हा वाढवीत नेला. २०२४ साली अबू धाबीच्या परिषदेत तो पुढील परिषदेपर्यंत किंवा फार तर ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविला गेला. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी वर्षानुवर्षे याविरुद्ध तक्रार मांडली. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेच्या एका अभ्यासाने विकसनशील देशांचा संभाव्य तोटा वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलर धरला. श्रीमंत राष्ट्रांच्या अर्थतज्ज्ञांनी तो आकडा फुगविलेला ठरविला. यात कोणाचा हिशेब बरोबर हे ठरविणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. राष्ट्राराष्ट्रांतील या तक्रारीत न्याय आपल्या बाजूने मागण्यास आपले प्रतिनिधी समर्थ आहेत, एवढे म्हणून आम्ही घरच्या गोष्टीकडे वळतो. कारण बाहेर जो न्याय मागावयाचा तो घरात दिलेला असावा लागतो.

घरची गोष्ट अशी. तेलंगण शासनाने ‘समग्र वेदिका’ नावाची एक संगणकीय व्यवस्था उभारली. निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांतून एकाच माणसाची नोंद हुडकून काढावयाची, ती एकत्र जुळवावयाची, आणि ज्याच्या नावावर मोटारगाडी किंवा असेच काही आढळेल त्यास गरिबांच्या शिधापत्रिकेतून वगळावयाचे, असा तिचा एक उपयोग. २०१४ ते २०१९ या काळात राज्यात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. ज्यांच्या रद्द झाल्या त्यांतील पुष्कळांना आधी नोटीस नव्हती, कारण सांगितलेले नव्हते. दुकानावर गेल्यावर पत्रिका चालत नाही असे कळले. नावसाधर्म्यामुळे एका गरिबाच्या डोक्यावर भलत्याच माणसाची मोटार बसल्याचीही उदाहरणे पुढे आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने आदेश दिला की रद्द केलेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करावी. त्यानंतर आलेल्या अर्जांपैकी जुलै २०२२ पर्यंत सुमारे २ लाख ५ हजार तपासून झाले होते, आणि त्यांतील १५ हजारांहून अधिक मान्य करावे लागले, असे प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे शेकडा सात-साडेसात. कागदावर हे प्रमाण किरकोळ दिसते. परंतु १५ हजार पत्रिका म्हणजे १५ हजार चुली.

नावसाधर्म्याची गोष्ट निघाली आहे तर तीविषयी थोडे अधिक लिहू, कारण आमच्या वाचकांना ती परकी नाही. हैदराबादेत राहणाऱ्या आपल्या मराठी आणि कोंकणी कुटुंबांच्या नावांची जी दशा होते ती पाहावी. आपली चाल अशी की आधी स्वतःचे नाव, मग पित्याचे किंवा पतीचे, शेवटी आडनाव. तेलुगू समाजात घराण्याचे नाव आधी येते, आणि बहुधा एका आद्याक्षरात आटोपते. जुने खरेदीखत उर्दूत असते. त्यात ‘कुलकर्णी’ आणि ‘कामत’ यांचे काय रूप झाले असेल ते वाचणाऱ्याने ताडावयाचे. पुढे इंग्रजीत प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे अक्षरे योजलेली. त्यात आपल्यातील सासुरवाशिणीचे नावही बदलण्याची चाल. एकच बाई शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या नावाने, लग्नपत्रिकेत दुसऱ्या, बँकेच्या पुस्तकात तिसऱ्या आणि निवृत्तिवेतनाच्या कागदावर चौथ्या नावाने वावरत असते. ‘या चारही व्यक्ती मीच’ असे प्रतिज्ञापत्र करून घेण्यास वकिलाकडे येणाऱ्या वृद्ध स्त्रियांची संख्या अलीकडे वाढली आहे, असे आमचे व्यवसायबंधूही सांगतात. शेजारच्या माणसास ती एकच बाई आहे हे पाहताक्षणी कळते. यंत्रास ते कळत नाही. ते कधी एका बाईच्या चार बाया करते आणि कधी चार माणसांचा एक माणूस. पदरी चार पैसे आणि घरात शिकलेला मुलगा असला तर हे निस्तरता येते. ज्याला दोन्ही नाहीत त्याचे निस्तरत नाही, आणि ही व्यवस्था तर त्याच्याचसाठी उभारलेली.

आता कायद्याकडे पाहू. जो एखादी गोष्ट प्रतिपादन करतो त्याने ती शाबीत करावी, हे तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. शासन जर म्हणत असेल की अमुक माणूस गरीब नव्हे, तर ते सिद्ध करण्याचा भार शासनावर. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून कोणाचेही हरण करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे सूत्र तर त्याहून जुने. इतकेच नव्हे, संगणकातून निघालेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून दाखल करावयाचा तर त्यास कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी हे प्रमाणपत्र आवश्यकच असल्याचे पुन्हा बजावले. आमदारकीसारख्या गोष्टीचा निकाल द्यावयाचा तर संगणकाचा शब्द असा तावूनसुलाखून घ्यावयाचा. आणि विधवेचा तांदूळ थांबवावयाचा तर त्याच संगणकाचा नुसता आडाखा पुरे! या विसंगतीचे समर्थन आम्हांस कोठे सापडले नाही.

समर्थन करू पाहणारे लोक नाहीत असे मात्र नाही, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगेही नाही. ते म्हणतात, यंत्र नव्हते तेव्हा काय रामराज्य होते? बनावट पत्रिका होत्या, मेलेल्यांच्या नावे धान्य उचलले जात होते, दुकानदार नोंदवहीत एक लिहीत होता आणि मापात दुसरे घालीत होता. गरीब देशाने आपले तुटपुंजे धान्य चोरांना वाटावे काय? यात तथ्य आहे. यंत्राने अशा चोऱ्यांना पुष्कळ आळा घातला, हे आम्ही मान्य करतो. परंतु चूक दोन प्रकारची असते. अपात्र माणसास धान्य मिळाले ही एक. पात्र माणसाचे तुटले ही दुसरी. पहिल्या चुकीत शासनाचे काही पैसे जातात. दुसऱ्या चुकीत ज्याच्या घरी दुसरा आधार नाही त्याचे जेवण जाते. या दोन्ही चुका एकाच तराजूत समभार धरणे हा हिशेब असेल, न्याय नव्हे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होता कामा नये, असे आपण फौजदारी कायद्यात अभिमानाने सांगतो. शिधापत्रिकेच्या बाबतीत मात्र व्यवहार नेमका उलटा. कोणी म्हणेल, शिक्षा वेगळी आणि दान वेगळे. दान देणाऱ्याने आपल्या मर्जीने अटी घालाव्यात. परंतु २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम झाल्यापासून हे धान्य दान राहिलेले नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. २०२५ च्या उगादीपासून तेलंगणात माणशी ६ किलो बारीक तांदूळ देण्यास प्रारंभ झाला. पत्रिकेचे मोल त्याने वाढलेच.

या शहरात हे सांगताना जुन्या काळाची आठवण होते. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांतला शेतकरी, ज्याला मराठीही वाचता येत नसे, तो उर्दू दस्तावर अंगठा उठवून घरी जात असे, आणि त्या कागदात काय होते हे त्याला जप्ती आल्यावर कळे. १९५६ साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी त्या दस्तांवरचे दावे पुढे कित्येक वर्षे चालले. तेव्हा अंगठा उमटत असे आणि कागद कळत नसे. आता कागद उरलेला नाही, आणि अंगठाच उमटत नाही! विड्या वळून, दगड फोडून, दुसऱ्यांची भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या त्यांना यंत्र ओळखत नाही. श्रम करणाऱ्याच्या श्रमाचीच ती खूण. आणि तीच त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात एका स्त्रीस देण्यात आला. ज्याच्यापाशी कसलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात या योजनेच्या वैधतेची सुनावणी चालू असता शासकीय सेवांच्या बाबतीत ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के असल्याचे प्राधिकरणाच्याच बाजूने सांगण्यात आले. ओळख पटली नाही म्हणजे धान्य नाकारलेच असे नव्हे, त्यासाठी अन्य मार्ग ठेवलेले आहेत, असेही त्यांचे म्हणणे होते, आणि ते नमूद केले पाहिजे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना मुख्यतः वैध ठरविली. विरुद्ध मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. पुढे जे झाले ते कायद्याच्या विद्यार्थ्यास मौजेचे वाटेल: एप्रिल २०१९ मध्ये जमैका या चिमुकल्या बेटाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या देशाचा ओळखपत्राचा कायदा रद्द केला, आणि तसे करताना चंद्रचूडांच्या त्या विरुद्ध मताचा आधार घेतला. जानेवारी २०२० मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयानेही आधी पुरेसा कायदा करा, मग यंत्र चालवा, असे आपल्या शासनास बजावले. आपल्याकडेही ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडच्या हल्ल्याने डोळे व चेहरा विद्रूप झालेल्यांना बँकेचे यंत्र ‘पापणी लववा’ म्हणून अडवून धरते या तक्रारीवर निकाल देताना, या साधनांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. न्यायालये जागी आहेत. पण न्यायालयापर्यंत पोचणारा माणूस शंभरांत एखादा.

भाषेचा मुद्दा आमच्या कोंकणी वाचकांसाठी विशेष आहे. आता लिहिण्यावाचून नुसते बोलून यंत्राशी व्यवहार करता येईल, त्यामुळे निरक्षरांची अडचण संपली, असे सांगितले जाते. २०२२ साली केंद्र शासनाने ‘भाषिणी’ हा उपक्रम त्यासाठीच आरंभिला. उत्तम. पण यंत्र शिकते ते उपलब्ध लिखाणावरून आणि ध्वनिमुद्रणावरून. १९९२ साली आठव्या परिशिष्टात स्थान मिळालेली कोंकणी देवनागरी, रोमन, कानडी, मल्याळम आणि अरबी अशा पाच लिप्यांत विभागलेली. मंगळूरच्या आजीची कोंकणी यंत्रास शिकवावयाची तर ती कोणी तरी मुद्दाम, पैसा खर्चून शिकवावी लागेल. बाजाराला त्यात नफा नाही. गोंड आणि लंबाडी बोलणाऱ्या तेलंगणातील लोकांविषयी तर बोलावयासच नको.

हे सारे शासनाविषयी झाले. आपल्या देवालयांचे काय? सेवेची नोंद, निवासाची खोली, उत्सवाची देणगी, हे सर्व अनेक ठिकाणी ‘ऑनलाइन’ झाले आहे, आणि त्यात कार्यवाहांची सोय व हिशेबाची चोखाई आहे. पण खिडकीपाशी नाणी मोजीत उभ्या असलेल्या म्हातारीस ‘आता येथे घेत नाही, मुलाला भरावयास सांगा’ असे उत्तर मिळते तेव्हा, ज्याला मुलगा नाही त्याने काय करावे, हा विचार व्यवस्थापक समितीच्या सभेत एकदा तरी व्हावा. एक खिडकी आणि एक माणूस ठेवणे कोणत्याही देवस्थानास जड नाही.

आता मूळ प्रश्नाचे जे टोक आहे तेथे येऊ. या बाबतीत भारत आजवर घेणारा होता, तो आता देणारा झाला आहे. बंगळूरच्या आयआयआयटी संस्थेत २०१८ साली जन्मास आलेली ‘मोसिप’ ही खुली प्रणाली फिलिपाईन्स, मोरोक्को, इथिओपिया या देशांनी आपल्या नागरिकांच्या ओळखीसाठी स्वीकारली. यूपीआय भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस येथे पोचला. २०२३ साली दिल्लीस भरलेल्या जी-२० परिषदेत अशा सार्वजनिक व्यवस्थांची चौकट भारताच्या पुढाकाराने मान्य झाली. परदेशी कंपनीने दामदुपटीने विकलेल्या बंद पेटीपेक्षा ही उघडी, फुकट दिलेली वस्तू गरीब देशांच्या अधिक हिताची, याविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती एवढीच की आपण त्यांना यंत्र देतो, त्याबरोबर दाद मागण्याची वाटही देतो काय? कारण यंत्राची नक्कल घडीभरात होते. तहसीलदाराच्या कचेरीतील तक्रार ऐकणारा माणूस, फुकट सल्ला देणारा वकील, जागे वर्तमानपत्र आणि एप्रिल २०२२ सारखा आदेश देणारे न्यायालय यांची नक्कल होत नाही. आणि ज्या देशांत या गोष्टी दुबळ्या आहेत तेथे यंत्राचा आडाखा हाच शेवटचा निकाल ठरण्याचा संभव अधिक.

मसुदे लिहिणे हा आमचा धंदा. तेव्हा अशा प्रत्येक कायद्यात आणि करारात घालण्याजोग्या एका कलमाचा मसुदा आम्ही येथे देतो, तज्ज्ञांनी तो सुधारावा. ‘संगणकीय पडताळणीच्या निष्कर्षावरून कोणत्याही व्यक्तीचा चालू असलेला लाभ बंद करण्यात येणार नाही. असा निष्कर्ष ही केवळ चौकशीची सूचना समजण्यात येईल. चौकशी करणारा अधिकारी त्या व्यक्तीस तिला समजणाऱ्या भाषेत कारणांसह नोटीस देईल, तिच्या राहत्या ठिकाणी जाऊन तिचे म्हणणे ऐकून घेईल, आणि ती व्यक्ती अपात्र आहे हे शाबीत करण्याचा भार शासनावर राहील. लेखी निर्णय तिच्या हाती पडेपर्यंत लाभ पूर्ववत चालू राहील.’

यास माणसे लागतील, पैसा लागेल, आणि वेळ तर लागेलच, असा आक्षेप येणार हे उघड आहे. २०२२ च्या आदेशानंतर तेलंगणात जी फेरतपासणी करावी लागली तिलाही माणसे आणि पैसा लागलाच. ती पत्रिका रद्द करण्यापूर्वी केली असती तर खर्च फारसा अधिक झाला नसता. मधल्या वर्षांत त्या १५ हजार घरांतला शिधा तेवढा चालू राहिला असता.